गंधाला जमीन लागत नाही

मासळीबाजारात जिवंत शेवंड टबात ठेवलेली असली की बघ्यांची नजर आधी तिच्या लांब, काटेरी मिशांवर जाते. त्या हलल्या की पुढे झुकलेला माणूस हात मागे घेतो. पण शेवंडीचे नाक त्या मिशांत नसते. मोठ्या मिशांच्या मध्ये दोऱ्यासारख्या बारीक, टोकाला दुभंगलेल्या आणखी दोन मिशा असतात. जनावर अजून तरतरीत असेल, तर या लहान मिशांची बाहेरची फांदी मधूनमधून झटकन खाली येताना आणि सावकाश वर जाताना दिसते. शेवंड त्या क्षणी वास घेत असते.

‘वास घेत असते’ असे मी सहज लिहून गेलो, पण त्यावर कोणीही हरकत घेऊ शकेल. जन्मभर पाण्यात राहणाऱ्या प्राण्याला वास कसला? आपल्या व्यवहारातली वाटणी सोपी आहे. हवेतून नाकात गेला तो वास आणि लाळेत विरघळून जिभेला कळली ती चव. शेवंडीपर्यंत जे पोचते ते सगळेच पाण्यात विरघळून पोचते. मग तिला फक्त चवच कळते असे का म्हणू नये? हा शब्दांचा कीस नाही. वास नावाची गोष्ट नेमकी राहते कुठे, पदार्थात, नाकात की त्यामागच्या मज्जापेशींत, हे ठरवल्याशिवाय या हरकतीला उत्तर देता येत नाही. माझे म्हणणे असे की वास मज्जापेशींच्या मांडणीत असतो, आणि या बाबतीत माणसापेक्षा शेवंडीची साक्ष अधिक भक्कम आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला फार जुने आणि फार ठाम उत्तर दिले गेले आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते गंध हा पृथ्वीचा खास गुण. पाण्याला रस आहे, रूप आहे, स्पर्श आहे; गंध नाही. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’वर तर्कशास्त्राचे पहिले धडे गिरवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी पृथ्वीची व्याख्याच गंधावरून पाठ केली. पाण्याला वास येतो असे वाटले, तर त्यात पृथ्वीचे कण मिसळले आहेत असे समजायचे. आज हे वाचून हसू येईल, पण हसण्याची घाई करू नये. मेलेल्या माशातून पाण्यात झिरपणारी अमिनो आम्ले त्यांच्या परिभाषेत पार्थिवच ठरतील आणि शेवंडीचा दाखला त्यांच्या चौकटीत बसून जाईल. शिवाय त्यांनी इंद्रियाचाही विचार केला होता. नाक गंध पकडते, म्हणून नाकही पार्थिव; जीभ रस पकडते, म्हणून ती जलीय. विचार सुसंगत आहे. फक्त त्यात गंधाचा पत्ता द्रव्यात लिहिलेला आहे, आणि तो पत्ता शेवंडीपाशी चुकतो.

तो कसा चुकतो ते पाहू. शेवंड, खेकडे, कोळंबी या मंडळींना ज्या रसायनांचा सुगावा लागतो ती साधी आहेत: ग्लुटामेट, टॉरिन, बिटेन, अमोनिया, आणि पेशींतल्या ऊर्जेच्या व्यवहारातले न्यूक्लिओटाइड. ही रसायने ओळखणाऱ्या मज्जापेशी लहान मिशांवर असतात, तशाच पायांच्या टोकांवर आणि तोंडाभोवतीही असतात. मांसाचा रस पायाच्या टोकाला लागला की पाय तो तुकडा पकडून तोंडाकडे नेतो. तोच रस दुरून पाण्याबरोबर लहान मिशांपर्यंत आला, तर शेवंड आधी मिशा झटकते, मग तोंड वळवते आणि प्रवाहाच्या उलट दिशेने चालू लागते. द्रव्य तेच आणि माध्यमही तेच. तरी एका ठिकाणी त्याचा घास होतो आणि दुसऱ्या ठिकाणी बातमी. म्हणजे द्रव्यावरून वास ठरत नाही.

मग ते द्रव्य पकडणाऱ्या रेणूवरून ठरतो का? 1991 साली लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी सस्तन प्राण्यांच्या नाकातल्या गंधग्राहक प्रथिनांचे मोठे कुटुंब शोधले आणि 2004 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर काही काळ असे वाटत होते की वासाची किल्ली सापडली. पण कीटकांची गंधग्राहक प्रथिने निघाली वेगळ्याच घराण्यातली. आणि कवचधारी जलचरांकडे आपली पद्धतही नाही आणि कीटकांची ती खास पद्धतही नाही. त्यांच्या नाकात मुख्यतः जी प्रथिने आढळतात, ती मज्जापेशींच्या जोडांवर ग्लुटामेट पकडणाऱ्या प्रथिनांची चुलत भावंडे आहेत. एक पेशी दुसरीचा निरोप ज्या धाटणीच्या रेणूने ऐकते, जवळपास त्याच धाटणीच्या रेणूने शेवंड समुद्राचा निरोप ऐकते. माणूस, माशी आणि शेवंड अशी ही तीन नाके तीन वेगळ्या प्रकारची कुलुपे लावून बसली आहेत. त्यांना एकाच नावाने हाक मारायची असेल, तर कारण कुलुपांच्या पलीकडे शोधावे लागेल.

पलीकडे म्हणजे आधी त्या झटक्यात. कॅरिबियन समुद्रातली काटेरी शेवंड, पॅन्युलिरस आर्गस, ही या अभ्यासाची मुख्य नायिका. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिळणारी शेवंड तिच्याच प्रजातीतली बहीण आहे. या कॅरिबियन शेवंडीच्या लहान मिशीच्या बाहेरच्या फांदीवर पोकळ, पातळ सालीच्या केसांचा दाट झुबका असतो. एका मिशीवर असे हजाराच्या आसपास केस आणि एकेका केसात सुमारे 300 गंधपेशींचे धागे. एका मिशीवर तीन लाखांच्या घरात पेशी झाल्या. पण केस दाट असल्याने त्यांच्यात अडकलेले पाणी सहजी हलत नाही, आणि नवे पाणी आत आले नाही तर इतक्या पेशी असून नसल्यासारख्याच. मिमी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली दाखवले की खाली येणारा झटका इतका वेगवान असतो की पाणी केसांच्या मधून आत शिरते. वर जाण्याची हालचाल संथ असते, त्यामुळे तेच पाणी आत अडकून राहते. पुढचा झटका येईपर्यंत तो नमुना तिथेच असतो. म्हणजे प्रत्येक झटका हा पाण्याचा एक ताजा नमुना.

मराठीत वास ‘येतो’ आणि वास ‘घेतला’ही जातो. दोन्ही क्रियापदे रोजच्या वापरातली आहेत आणि त्यांतला फरक आपल्या कधी लक्षात येत नाही. शेवंडीकडे पाहिल्यावर मला दुसरे क्रियापद मूळचे वाटू लागते. तिच्या बाबतीत नुसता ‘येणारा’ वास केसांच्या बाहेरूनच निघून जाईल. झटका मारून तो घ्यावा लागतो.

घेतलेला नमुना मेंदूत कुठे जातो? लहान मिशांमधल्या गंधपेशींचे धागे मेंदूच्या मधल्या भागातल्या गंधपाळीत पोचतात. तिथे मज्जातंतूंच्या दाट गुंतवळी असतात. शास्त्रज्ञ त्यांना ग्लोमेरुलस म्हणतात. फणस फोडल्यावर मधल्या दांड्याभोवती गरे लागलेले दिसावेत, तशा या पाचरीच्या आकाराच्या गुंतवळी पाळीच्या कडेने मांडलेल्या असतात. कॅरिबियन शेवंडीत त्यांची संख्या हजाराच्या वर जाते. फळमाशीचे काम पन्नासेक गुंतवळींत भागते. प्रत्येक गुंतवळीत बाहेरून आलेले धागे, स्थानिक पेशींचे धागे आणि पुढे निरोप नेणाऱ्या पेशींचे धागे एकमेकांना भिडतात.

इथे मांडणीचे खरे काम सुरू होते, आणि ते बरेचसे नकाराचे आहे. मुळात गंधपेशी स्वतःच दुहेरी बोलते. बॅरी एक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवंडीच्या एकाच गंधपेशीत दोन रासायनिक वाटा दाखवल्या, एक पेशीला चेतवणारी आणि दुसरी शांत करणारी. एका रसायनाने पेशी पेटते आणि दुसऱ्याने तीच विझते. मिश्रण समोर आले की तिचे उत्तर म्हणजे नुसती बेरीज राहत नाही. पुढे गुंतवळीच्या दारातही बंदोबस्त असतो. येणारे धागे ॲसिटिलकोलीनच्या भाषेत बोलतात. स्थानिक पेशी गाबा आणि हिस्टामिन ही रसायने सोडून त्यांचा आवाज तिथल्या तिथे खाली आणू शकतात. आलेली प्रत्येक बातमी आहे तशी पुढे गेली असती, तर मेंदूला समुद्राची नक्कल मिळाली असती, आणि नक्कल घेऊन शेवंडीने करायचे काय? तिला हवा असतो फरक: हे कालच्यासारखे आहे की वेगळे, जवळचे आहे की लांबचे.

जवळ-लांबचा हिशेब तर आणखी अवघड. देवघरातल्या उदबत्तीकडे पाहा. टोकापाशी धुराचा एक सरळ धागा असतो, वीतभर वर गेला की तो वळतो, आणि पुढे त्याचे तुकडे होऊन मध्ये स्वच्छ हवेच्या फटी पडतात. पाण्यातला वासही असाच तुकड्यातुकड्यांनी येतो. आत्ता दाट, मग काहीच नाही, मग पुन्हा पुसटसे. सरासरी काढून उगम शोधायचा, तर थांबून बराच वेळ मोजत बसावे लागेल, आणि तोवर मासा दुसऱ्याच्या पोटात गेलेला असेल. पण उगम जवळ आहे की लांब हे त्या फटींच्या लांबीवरूनही कळू शकते. शेवंडीच्या गंधपेशींपैकी काही पेशी वास नसतानाही आपापल्या ठेक्याने, थांबून थांबून, झुपक्यांनी स्पंदने सोडत असतात. प्रत्येकीचा ठेका वेगळा. वासाचा तुकडा तिच्या आवर्तनाच्या सुरुवातीला आला, तर ती ढिम्म राहते. आवर्तन संपत आले असताना आला, तर लगेच उत्तर देते. वेगवेगळ्या ठेक्यांच्या अशा अनेक पेशी एकत्र घेतल्या, तर मागचा तुकडा येऊन किती वेळ झाला ते त्यांच्या उत्तरांतून वाचता येते. फ्लोरिडा विद्यापीठातल्या बॅरी एक, बॉबकॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम उलगडले. मला त्यातली एक गोष्ट विलक्षण वाटते. दोन वासांच्या मध्ये जो वास नसतो, तोही इथे वासाचाच भाग ठरतो. द्रव्याच्या अभावाला द्रव्याचा गुण म्हणता येत नाही. तो अभाव मोजणारी पेशी असेल, तरच त्याला अर्थ येतो.

इथवरचा युक्तिवाद फारच गुळगुळीत झाला, आणि शेवंडीनेच त्याला खीळ घातलेली आहे. चार्ल्स डर्बी यांच्या प्रयोगशाळेत काही शेवंडींच्या लहान मिशांवरचे ते पोकळ केस काढून टाकले गेले. गुंतवळींकडे जाणारा रस्ताच बंद झाला. तरीही या शेवंडी अन्नाच्या वासामागे गेल्या, नवे वास शिकल्या आणि दोन वासांतला फरकही सांगू लागल्या. लहान मिशांवर दुसऱ्या जातीचेही केस असतात. त्यांत रसायन ओळखणाऱ्या पेशींबरोबर स्पर्शाच्या पेशीही नांदतात, आणि त्यांचे धागे गंधपाळीला वगळून शेजारच्या, गुंतवळी नसलेल्या भागात जातात. अन्न शोधण्यापुरता तो रस्ता पुरेसा ठरला. मग हजारभर गुंतवळींचा तो फणस कशासाठी? गुंतवळ म्हणजेच वास, असे मी म्हणत असेन, तर या प्रयोगाने माझे म्हणणे मोडले.

पण याच प्रयोगशाळेतून पुढची गोष्टही आली. केस काढलेल्या शेवंडींना अन्न सापडते, मात्र आपल्या जातभाईंच्या लघवीचा वास ओळखून बिळाकडे जायचे असेल तेव्हा त्या कमी पडतात. ‘काय आहे’ हे दोन्ही रस्त्यांनी कळते. ‘कोण आहे’ याला मात्र गुंतवळींचा रस्ता लागतो. आणि या मंडळींच्या आयुष्यात ‘कोण’ हा प्रश्न लहान नाही. अटलांटिकच्या उत्तर अमेरिकी किनाऱ्यावरचा नांग्यांचा लॉबस्टर डोक्याच्या पुढच्या बाजूने लघवीची पिचकारी मारतो आणि भांडणात ती समोरच्याच्या तोंडावर सोडतो. येला अटेमा आणि ख्रिस्टा कॅराव्हॅनिच यांनी 1998 साली दाखवले की हरलेला लॉबस्टर आपल्याला हरवणाऱ्याला नंतरही ओळखतो आणि दुसऱ्या वेळी भांडण न वाढवता माघार घेतो. ओळखीचा आधार लघवीतला वास. 2006 साली ‘नेचर’मध्ये डोनाल्ड बेहरिंजर आणि सहकाऱ्यांचे निरीक्षण छापून आले. एरवी घोळक्याने एका बिळात राहणाऱ्या कॅरिबियन शेवंडी एका घातक विषाणूची लागण झालेल्या शेवंडीच्या बिळात जायचे टाळतात, आणि तेही ती आजारी दिसण्याआधी. अन्न शोधण्यासाठी एखाद्या रसायनाची चाहूल पुरते. अमुक एक शेजारी, तोही आज बरा की बिघडलेला, हे ओळखायला मिश्रणांतले बारीक फरक आणि आठवण, दोन्ही लागतात. गुंतवळींमधून निघालेले धागे मेंदूच्या ज्या वरच्या केंद्रांकडे जातात, तिथे डोळ्यांच्या आणि स्पर्शाच्याही बातम्या येऊन मिळतात. म्हणून मी माझे विधान सुधारून घेतो. वासाला एकच मांडणी नसते. जसा प्रश्न, तशी मांडणी. विधान सुधारले तरी वासाचा पत्ता बदलत नाही. तो द्रव्यात नाही, मांडणीतच आहे.

दुसरी हरकत उत्क्रांतीच्या बाजूने येते. गुंतवळी माणसात आहेत, माशीत आहेत, शेवंडीत आहेत. मग ही साऱ्यांच्या एकाच पूर्वजाची ठेव आहे की सारख्या अडचणीतून निघालेले सारखे उत्तर? कीटक आणि कवचधारी यांच्यापुरता वाद अजून पेटलेला आहे. कीटकांच्या मेंदूत आठवणी जपणारी छत्रीसारखी केंद्रे असतात. 1850 साली फेलिक्स द्युजार्दँ यांनी ती प्रथम वर्णिली. निकोलस स्ट्रॉसफेल्ड यांच्या गटाने 2017 साली मँटिस श्रिम्प या कवचधारी जलचराच्या मेंदूत तशीच रचना दाखवली आणि सामायिक वारशाची बाजू बळकट झाली. इतर अभ्यासक इतक्या लवकर एक वंशावळ मांडायला तयार नाहीत. मला दोन्ही बाजूंपेक्षा एक तपशील अधिक बोलका वाटतो. माशीत पुढे निरोप नेणारी पेशी बहुधा एकाच गुंतवळीची वकील असते. शेवंड आणि क्रेफिश यांच्यात अशी एक पेशी अनेक गुंतवळींतून धागे गोळा करते. बाहेरून घरे सारखी दिसली, तरी आतला कारभार निराळा. ‘गुंतवळ आहे, म्हणजे आपल्यासारखाच वास’ असे म्हणणे म्हणून घाईचे ठरेल, आणि ‘आपल्यासारखा नाही, म्हणजे वासच नाही’ हे तर त्याहून घाईचे.

मांडणी म्हटले की डोळ्यांपुढे घट्ट चौकट येते. इथली चौकट वाहती आहे. शेवंड कात टाकते तेव्हा मिशीच्या बुडाशी नवे केस येतात आणि टोकाकडचे जुने केस गळून जातात. त्यांच्याबरोबर पेशीही बदलतात. मोठ्या वयाच्या शेवंडीच्या मेंदूतल्या गंधमार्गातही नव्या पेशी जन्मत राहतात. आज मासा ओळखणाऱ्या गंधपेशी काही कातींनंतर तिच्या अंगावर नसतील, तरी मासा माशासारखाच वास मारेल. वासाचा अर्थ एकेका पेशीत साठवलेला असता, तर प्रत्येक कातीबरोबर तोही गळून पडला असता.

एखादी गोष्ट कुठे राहते हे चोराला सर्वांत नीट ठाऊक असते, म्हणून शेवटचा साक्षीदार चोर आहे. समुद्रससा नावाची बाहेरून बिनकवचाची, मऊ गोगलगाय शेवंडीच्या तावडीत सापडली की जांभळी शाई आणि एक चिकट पांढरट स्राव सोडते. 2005 साली सिंथिया किकलायटर, डर्बी आणि सहकाऱ्यांनी त्या स्रावात अमिनो आम्लांचा भरगच्च साठा असल्याचे दाखवले. शेवंड गोगलगाय सोडते आणि त्या ढगालाच चिवडत बसते; जणू त्यातच घास आहे. पुढच्या कामात असेही दिसले की हा चिकट स्राव लहान मिशांवर बसून गंधपेशींची उत्तरे दडपतो. समुद्रसशाने शेवंडीला विष पाजले नाही. खरी द्रव्ये वापरूनच त्याने तिला खोटी बातमी दिली आणि तिचा बातमीदारही बुजवला. द्रव्य खरे असून वास खोटा निघू शकतो, याहून अधिक पुरावा कशाला हवा?

आणि हा पुरावा फक्त तत्त्वज्ञानाच्या कामाचा नाही. पाणी खराब झाले की नाही हे आपण बहुतेकदा मेलेल्या जिवांवरून ठरवतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून समुद्राचे पाणी जसे आम्लाकडे झुकते, तशा पाण्यात ठेवलेले शंखखेकडे मिशा कमी झटकतात आणि अन्नाच्या वासाकडे पोचायला चाचपडतात, असे प्रयोगांत दिसले आहे. ते मेलेले नसतात. मिशा शाबूत, केस शाबूत, अन्नाची रसायने पाण्यात हजर. द्रव्यांची यादी तपासणाऱ्याला सगळे ठीकच वाटेल. बिघडलेली असते ती विचारण्याची रीत, आणि ती कोणत्याच यादीत लिहिलेली नसते.

आता पुन्हा बाजारातल्या त्या टबाकडे या. पाणी साचलेले आहे. त्यात माशांचा रस आहे, शेजारणींची लघवी आहे, अमोनिया आहे. वैशेषिकांच्या हिशेबाने तो टब गंधाने काठोकाठ भरलेला म्हणावा लागेल. पण तिथे प्रवाह नाही, मागे जाण्यासारखी दिशा नाही, दोन तुकड्यांच्या मधली स्वच्छ फट नाही. शेवंड मिशी झटकते, थांबते, पुन्हा झटकते, आणि दर वेळी तोच नमुना हाती येतो. टबाभोवती उभे असलेले आम्ही नाकाला रुमाल लावतो. तिच्यासाठी मात्र त्या पाण्यात फारसा वास उरला नसावा.